चौथा रकाना

२६ फेब्रुवारी, मंगळवार

बावीस वर्षं मी तालुक्याच्या सांख्यिकी कचेरीत मेंढ्या, गवताच्या गंजी आणि माणसं मोजली. गेल्या वर्षीपासून सरकारच्या माता-बाळ कार्यक्रमाचा काराजार तालुक्याचा प्रमुख आहे, म्हणजे जन्माला यायच्या आधीच माणसं मोजतो. हुद्दा वाढला, काम तेच.

आज आमच्या हेल्पलाइनला महिना झाला. एकशे अठरा फोन आले, त्यातले एकतीस अर्ध्यावर तुटले. एकतीस हा आकडा मला खुपतोय म्हणून ही वही उघडली आहे. डॉक्टर शायलो म्हणतोच, डोक्यात जे घोळतं ते कागदावर काढा, झोपेच्या गोळ्या मागू नका.

हेल्पलाइन माझीच कल्पना. आमच्याकडे बाईला दिवस गेले की पाचवा-सहावा महिना उजाडेपर्यंत कुणाला सुगावा लागू देत नाहीत. दृष्ट लागते म्हणे. तोवर दवाखाना नाही, रक्ततपासणी नाही, काही नाही. म्हणून मी टेलिफोनवाल्यांच्या मागे लागून नंबर न दिसण्याची सोय करून घेतली. बाईने बिनधास्त फोन करावा. आमची नुर्जात तिचं म्हणणं ऐकते, मग फॉर्मचे बारा प्रश्न विचारते. फॉर्म पुरा झाला की तपासणीची तारीख मिळते, गरज असेल तर गाडी जाते.

फॉर्मही मीच केलाय. पहिल्या रकान्यात खोटं नाव चालतं, पण चौथ्यात, म्हणजे कुटुंबप्रमुखाचं नाव, तिथे खरंच पाहिजे. तो भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढचं पान उघडत नाही. त्याला कारण आहे. गेल्या हिवाळ्यात एकाच गावात आयजादा नावाच्या दोघी निघाल्या, गाडी भलत्या आयजादाच्या दाराशी उभी राहिली आणि खरी आयजादा गवताच्या ट्रॉलीत बाळंत झाली. आमच्या गावांत घरांना नंबर नसतात. घर ओळखायचं ते घरच्या कर्त्या माणसाच्या नावानं.

हेल्पलाइनच्या नंबरचं स्टिकर घरी फ्रिजवर लावलं. आमची मंडळी, बुरुलचा, बघून म्हणाली, "इथे कोण करणार आहे फोन?" मी म्हटलं, शेजारणी येतात-जातात, वाचतील. तिने त्यावर कॅलेंडर टांगलं.

१ मार्च, शुक्रवार

नुर्जातने आज एक फोन सांगितला. दुपारी दोनच्या सुमारास एक तरुण मुलगी बोलली, अगदी हळू आवाजात. पाय सुजतात, बूट चढत नाहीत, हे नेहमीचंच असतं का, असं विचारत होती. वय सांगितलं, सातवा महिना सांगितला. चौथा प्रश्न आला आणि फोन ठेवला.

सातवा महिना, आणि नोंद नाही. माझ्या रजिस्टरप्रमाणे या तालुक्यात सातव्या महिन्याच्या सगळ्या बायका मला नावानिशी माहीत आहेत. म्हणजे एक माझ्या हिशेबाबाहेर आहे.

मी नुर्जातला म्हटलं, तू चौथा प्रश्न फटकून विचारत असशील. ती बिश्केकमध्ये वाढलेली, बोलणं जरा तुटक आहे तिचं. तर म्हणते, "ओर्मोनअके, मी याहून गोड बोलले तर लोकांना वाटेल गालिचा विकतेय."

५ मार्च, मंगळवार

पुन्हा तीच, पुन्हा दोन वाजता. आता हातही सुजलेत, अंगठी साबण लावून काढावी लागली. पुन्हा चौथ्या प्रश्नाला फोन बंद. नुर्जातने तिचं नाव 'दोन वाजताची' ठेवलंय.

मी महिनाभराचे सगळे तुटलेले फोन काढून बसलो. एकतीसपैकी सत्तावीस चौथ्या प्रश्नाला तुटले आहेत. सासऱ्यांची दहशत असणार. आमच्या गावांतले म्हातारे अजून स्वतःला खान समजतात.

घरी जेवायला कोणीच नव्हतं. मंगळवार-शुक्रवार दुपारी बुरुलचा तिच्या बहिणीकडे जाते आणि दिवेलागणीला येते, आज तिथेच अडकली. सुनेने, बेर्मेतने, नूडल्सचं वाडगं दाराआडून पुढे सरकवलं. तीन वर्षं झाली लग्नाला. सुनेचा हात तेवढा दिसतो, त्यापलीकडे बघायची आमच्यात रीत नाही. चांगली आहे पोरगी. आमचा कुबात सप्टेंबरात महिनाभर येऊन पुन्हा नोवोसिबिर्स्कला बांधकामावर गेला, तेव्हापासून हिने घरात आवाज म्हणून केला नाही.

८ मार्च, शुक्रवार

महिला दिन. कचेरीत बायकांना फुलं वाटली, भाषण केलं. घरी बुरुलचाला शाल आणि सुनेला मिठाईचा डबा. सुनेने हात बाह्यांत ओढून डबा घेतला. बोटात अंगठी दिसली नाही. नंतर बुरुलचाला विचारलं, अंगठी विकलीबिकली काय? तर म्हणाली, भांड्यांच्या साबणाने हात फुगलेत तिचे. मी म्हटलं, चांगला साबण आणत जा.

सुट्टीमुळे हेल्पलाइन बंद होती. दोन वाजताचीने आज कुणाला फोन केला असेल, हा विचार भाषण करतानाही डोक्यात होता.

१२ मार्च, मंगळवार

आज ती म्हणाली, तीन दिवस झाले डोकं कपाळापासून ठणकतंय, उशीला टेकवत नाही.

डॉक्टर शायलोला तसाच फोन लावला. तो एरवी थट्टेखेरीज बोलत नाही. आज म्हणाला, "सूज आणि डोकेदुखी एकत्र म्हणजे रक्तदाब चढलाय. ती माझ्यासमोर हवी, आजच हवी. यापुढे डोळ्यांसमोर काळं दिसायला लागेल, मग झटके येतील. मग मी आई वाचवेन की मूल, मलाच सांगता येणार नाही."

नुर्जात फॉर्म घेऊन माझ्या टेबलाशी उभी राहिली. चौथा रकाना तात्पुरता काढा म्हणाली. मी नाही म्हटलं. काढला तर गाडी पाठवायची कुठे? पंधरा गावं आहेत. ती म्हणाली, "आत्ता तरी कुठे पाठवतोय?" उद्धट आहे. पण खोटं बोलली नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

१४ मार्च, गुरुवार

दोन दिवस गाडी घेऊन गावं पालथी घातली. सरकारने कार्यक्रमाला दिलेली पांढरी गाडी, दारांवर करकोच्याचं चित्र; तालुक्यात शेंबडं पोरही ती ओळखतं. त्यामुळेच की काय, गाडी वळली की दारं लागतात. नऊ गावं झाली. प्रत्येक उंबऱ्यावर एक सासू आणि तिचं तेच एक वाक्य, आमच्या घरात तसं कुणी नाही. एकीच्या मागे तर सून पोट धरून उभी होती, तरी तसं कुणी नाही. ती पाचव्या महिन्यातली निघाली, तिचं नाव लिहून घेतलं. पण ती माझी नव्हे.

संध्याकाळी एका म्हाताऱ्याला मी चांगलाच फैलावर घेतला. म्हटलं, तुझ्या घरात सात महिन्यांची बाई वावरते आणि तुला पत्ता नसतो, डोळे काय फक्त मेंढ्या मोजायला दिलेत? तो बिचारा म्हणाला, माझ्याकडे सूनच नाही. पण मला खरंच कळत नाही, एका छपराखाली राहून या माणसांना दिसत कसं नाही.

१५ मार्च, शुक्रवार

डोळ्यांसमोर चिलटं नाचतात, असं म्हणाली. काळी चिलटं.

नुर्जात रडत होती. तिने फॉर्म विचारलाच नाही, नुसतं दवाखान्यात जा, आजच्या आज जा, असं विनवत राहिली. ती मुलगी म्हणाली, मला एकटीला उंबरा ओलांडता येत नाही, सासूबाईंनी शपथ घातलीय. मग गाडी पाठवू का विचारलं, तेव्हा हो म्हणाली. नुर्जातने विचारलं, कुणाचं घर म्हणून विचारायचं ड्रायव्हरने? मग फोन बंद.

गाडी पाहिजे आणि घर सांगायचं नाही. काय समजायचं माणसाने?

१७ मार्च, रविवार

प्रांताच्या एल्मिरा साद्यकोव्नांचा घरी फोन आला. त्या प्रांतभरच्या माता-बाळ कार्यक्रमाच्या प्रमुख आहेत, बोलणं सुरीसारखं. त्यांच्या कानावर गेलंच होतं. म्हणाल्या, "ही बाई गेली तर कागदावर लिहावं लागेल की तिने चारदा आपल्याला फोन केला होता. ते वाक्य कसं लिहायचं, तुम्ही विचार करून ठेवा." मला माझ्या खुर्चीची काळजी वाटायला हवी होती. ती वाटली नाही, याचं मलाच नवल वाटलं. तेवीस वर्षांची, हळू बोलणारी एक मुलगी कुठेतरी भिंतीला धरून उभी आहे, एवढंच दिसत होतं.

तेवढ्यात बेर्मेतने चहा ओतताना पियाल्याच्या बाहेर ओतला. सगळा चहा माझ्या रजिस्टरवर. मार्च महिन्याचं पान पार भिजलं. पियाला समोर असताना बाहेर ओततं का कुणी? मी बोललो तिला. आयुष्यात पहिल्यांदा सुनेला थेट बोललो, आणि तेही रागावून. ती तशीच उलट्या पावली बाहेर गेली. बुरुलचा एकदम अंगावर आली, म्हणाली, "तिला काही बोलायचं नाही. काही विचारायचं नाही, काही बोलायचं नाही." दोन वर्षांपूर्वीपासून ती सुनेबद्दल अशीच हळवी झालीय. तेव्हा मी नोंद झालेल्या बायकांची यादी मानाने दवाखान्याच्या भिंतीवर लावायचो आणि सगळ्यात वरचं नाव आमच्या बेर्मेतचं होतं. तिसऱ्या महिन्यात ते मूल राहिलं नाही. पुढे यादी लावणं बंद केलं. घरात त्यावर कुणी बोललं नाही. तो बायकांचा विषय.

१९ मार्च, मंगळवार

दोन वाजले. अडीच वाजले. नुर्जात आणि मी फोनकडे बघत बसलो. चार वाजेपर्यंत आला नाही.

गाडी काढली आणि सैराकान-एजेकडे गेलो. ही म्हातारी चाळीस वर्षं या तालुक्याची सुईण होती. मी तिच्या हातात जन्मलो, कुबातही. आता ऐंशीची आहे, कानाने ऐकू कमी येतं. सगळं सांगितलं. ती म्हणाली, फॉर्म वाच. मी मोठ्याने वाचू लागलो. चौथ्या प्रश्नाला तिने हात वर केला.

"हा कुणी घातला?"

"मीच."

"अरे ओर्मोन, तुझ्या सुनेने कधी तुझं नाव तोंडातून काढलंय?"

मी म्हटलं, माझं नाव ती कसं घेईल?

ती म्हणाली, "आणि लोकांच्या सुनांनी मात्र सासऱ्याचं नाव टेलिफोनात ओरडून सांगायचं. मी सासरच्या एकाही माणसाचं नाव घेतलं नाही. माझा सासरा मेला त्या दिवशीही नाही. मरेन पण घेणार नाही, असंच वाढवतात रे आम्हाला. तुझी आई वेगळी होती का?"

तोंडात मारल्यासारखं झालं. माझी आई सासऱ्याला 'मोठ्या घरचे' म्हणायची, आणि त्याच्या नावाचा एक शेजारी होता त्यालाही दुसऱ्याच नावाने हाक मारायची. हे मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. फॉर्म करताना हे कुठे गेलं होतं? सत्तावीस बायका दारापर्यंत आल्या आणि मी त्यांच्यासमोर तो एकच प्रश्न ठेवला, ज्याचं उत्तर त्यांच्या जिभेला बंद आहे.

तसाच कचेरीत परत आलो. चौथा रकाना कॉम्प्युटरमधून काढायला लावला. त्याजागी लिहिलं: घर कुठल्या बाजूला, दाराशी काय दिसतं.

२१ मार्च, गुरुवार

नूरूझचा सण. गल्लीतल्या बायका कालपासून कढईत सुमोलोक, गव्हाच्या मोडांची सणाची खीर, ढवळताहेत. मी चौकात भाषण केलं नाही, बरं वाटत नाही सांगितलं. एक चमचा ढवळून मनात मागणं मागतात, तसं मागितलं: तिने उद्या फोन करावा.

बेर्मेत बाहेर आली नाही. बुरुलचा म्हणाली, धुराने तिचं डोकं दुखतं. म्हटलं, झोपू दे तिला. रविवारी रागावलो त्याची खंत आहे. पण माझं लक्ष घरात नाही, हेही खरं.

२३ मार्च, शनिवार

प्रसूतिगृहाच्या बाकावर बसून लिहितोय. कालचं लिहितो. क्रमानेच लिहितो, नाहीतर जमणार नाही.

काल दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. नुर्जातच्या कानावर हेडफोन होता. तिकडून येईल ते ती मोठ्याने बोलत होती आणि मी लिहीत होतो. आता नीट दिसत नाही. पोटात वरच्या बाजूला दुखतंय. नुर्जात म्हणाली, नाव नको, कुणाचंच नाव नको, फक्त घर कुठे आहे सांग. मी लिहिलं: काराजार गावातच. पाणचक्कीच्या वरच्या अंगाला. शेवटचं घर. निळं फाटक. मी लिहीत गेलो. हात लिहीत होता, डोकं मागे राहिलं होतं. नुर्जातने विचारलं, दाराशी काय दिसतं? आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "संध्याकाळी पांढरी गाडी असते. करकोचा काढलेली."

त्या गाडीची किल्ली माझ्या खिशात होती.

रुग्णवाहिका पलीकडच्या खोऱ्यात गेलेली. माझं घर कचेरीपासून सात मिनिटांवर. कसा पोचलो आठवत नाही. ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती, कानाला फोन. मला पाहून उठायला लागली, सासरा आला म्हणून. उठताना डोळे फिरले आणि कोसळली. झटके सुरू झाले. सुनेला सासऱ्याने हात लावायचा नसतो. मी तिला उचललं. कोट बाजूला झाला आणि पोट दिसलं. एवढं मोठं पोट माझ्या घरात सात महिने चहा घेऊन माझ्यासमोर येत होतं.

गाडीत मी तिच्याशी काय बोललो ते इथे लिहिणार नाही.

डॉक्टर शायलो दारातच उभा होता. आत नेता नेता नर्सने मला अडवलं आणि विचारू लागली. वय? मी म्हटलं, पंचवीस असेल. नर्सने मान वर केली. महिने किती? त्रास कधीपासून? आधी काही झालंय? मला एकाचंही उत्तर सुनेबद्दल माहीत नव्हतं. दोन वाजताचीबद्दल सगळं माहीत होतं. मी नुर्जातला फोन लावला आणि नर्सच्या हातात दिला. ती पलीकडून वाचत होती, ही लिहून घेत होती. वय तेवीस. पायाला सूज पंचवीस फेब्रुवारीपासून. डोकेदुखी नऊ मार्चपासून.

दीड तासाने शायलो बाहेर आला. मुलगी झालीय, दीड किलोची, पेटीत ठेवलीय, रडली. आईचं आत्ताच सांगत नाही म्हणाला. टोपी काढून माझ्या शेजारी बसला, एकही विनोद केला नाही.

बुरुलचा सहा वाजता आली. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "तुमच्या भिंतीवरच्या यादीने पहिलं खाल्लं. हे मला जगवायचं होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी नोंदवलं असतं." मी भांडलो नाही. नोंदवलं असतंच. आणि ती चूक करत होती. आणि मीही. दोघं एकाच बाकाच्या दोन टोकांना बसलो.

सकाळी नुर्जात आली, सगळे कागद घेऊन. शेवटच्या रकान्यात शेरा असतो. बाई आपणहून जे बोलते ते तिथे लिहायचं. तो रकाना मी कधी वाचत नाही, त्याची बेरीज होत नाही. आज वाचला. पाच मार्चला नुर्जातने विचारलं होतं, घरचे त्रास देतात का? शेरा असा: नाही, सगळे चांगले आहेत, विचारत मात्र कुणी नाही.

२५ मार्च, सोमवार

बेर्मेत शुद्धीवर आहे. रक्तदाब उतरतोय. शायलो म्हणाला, आता घाबरू नका, पण अजून आठवडाभर इथेच. पोरीने चार चमचे दूध घेतलं.

बायकांच्या खोलीत पुरुषांना जाऊ देत नाहीत. शायलोने मला पाच मिनिटं दिली. बुरुलचा तिच्या पायाशी बसली होती. बेर्मेतने रुमाल कपाळावर ओढला आणि तोंड भिंतीकडे केलं. मी स्टूल घेऊन बसलो. सांगायचं पुष्कळ ठरवून गेलो होतो, माफी मागायची होती, कुबातचा फोन आला होता तेही सांगायचं होतं. काही आठवेना.

मी विचारलं, "बेर्मेत, डोकं दुखतंय का?"

ती सवयीने सासूकडे बघायला लागली. बुरुलचाने मान खाली घातली. बाहेर नर्स वेळ संपली म्हणून दारावर टकटक करून गेली, तरी मी हललो नाही.

"थोडं," बेर्मेत म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कालच्यापेक्षा कमी."